ज्येष्ठमध आणि झोपलेला रखवालदार

(पडद्यावर: काळ्या मिठाईची अर्धी रिकामी पिशवी)

अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स. ५४ वर्षांचा एक बांधकाम कामगार फास्ट फूडच्या दुकानात कोसळला, दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी २०२० साली ही हकिकत छापली. हा माणूस काही आठवडे रोज एक-दीड पिशवी लिकरिशची काळी मिठाई खात होता. लिकरिश म्हणजे घसा बसला की आपण चघळतो तो ज्येष्ठमध. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम पार खाली गेलं होतं.

(पडद्यावर: ईसीजीचा कागद)

निरोगी माणसाच्या रक्तात पोटॅशियम लिटरमागे ३.५ ते ५ मिलीइक्विव्हलंट (क्षार मोजायचं एकक). शरीरातलं सुमारे ९८ टक्के पेशींच्या आतच असतं, पण बाहेरचं एवढंसं घटलं तरी हृदयाची लय बिघडते. ईसीजीवर टी लाट चपटी होते, तिच्यामागे यू नावाचा उंचवटा डोकावतो. माणसाला कळतं ते इतकंच, की पायात गोळे येतायत, जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत. कित्येकांना तेही कळत नाही.

(पडद्यावर: मूत्रपिंडाचं रेखाचित्र)

मूत्रपिंडात एक कुलूप आहे. ते उघडलं की मीठ अंगात राहतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. त्याची किल्ली म्हणजे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन), पण कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही त्या कुलपाला चालतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात कितीतरी जास्त. म्हणून दाराशी एक एन्झाइम रखवालदारासारखं बसलेलं असतं, कॉर्टिसॉलला निकामी करत. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन नेमकं यालाच झोपवतं. मग रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

अधूनमधून एखादी काडी चघळून हे होत नाही. पण बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे, तिनेही पोटॅशियम जातंय, आणि वर महिनाभर रोज ज्येष्ठमधाचा काढा? डॉक्टरांनी औषधं विचारली तर काढा कोण सांगतो!

(पडद्यावर: केळीवाल्याची गाडी)

केळी खा, हा सल्ला हमखास मिळतो. हिशोब करून बघा. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर आला, तर शरीरातून २०० ते ४०० मिलीइक्विव्हलंट गेलेलं असतं. मध्यम केळ्यात जेमतेम ११. म्हणजे निदान १८ केळी. म्हणून डॉक्टर पोटॅशियमचं औषध देतात. शिरेतून द्यायचं तर अगदी सावकाश, कारण घाईने दिलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं.

ज्येष्ठमध सोडला तरी रखवालदार लगेच जागा होत नाही. आठवडाभर, कधी दोन आठवडेही, लघवीतून पोटॅशियम जातच राहतं.