स्वल्पविरामांवर उभी असलेली यादी

[पडद्यावर एकच ओळ: १७,२३,४०]

ही ओळ नीट पाहा. तीन आकडे, मध्ये दोन स्वल्पविराम. कोल्डफ्यूजनमध्ये ही झाली लिस्ट. १९९५ साली आलेलं हे वेब प्रोग्रॅमिंगचं साधन आजही वापरात आहे, आणि माहितीचा गठ्ठा ठेवायला त्यात तीन सोयी आहेत: लिस्ट, ॲरे (क्रमांक घातलेल्या जागांची रांग) आणि स्ट्रक्चर (नावं घातलेल्या कप्प्यांचा संच). नवखा माणूस आधी लिस्टच उचलतो. साहजिक आहे. फॉर्ममधले एकाच नावाचे तीन चेकबॉक्स टिक केले, की सर्व्हरवर जे हाती येतं तेही असंच स्वल्पविरामांनी जोडलेलं असतं.

पण लिस्ट नावाचा वेगळा प्रकार मुळात नाहीच. ती साधी स्ट्रिंग आहे, अक्षरांची सलग ओळ. कुठे तोडायचं, ते दर वेळी स्वल्पविराम शोधून ठरतं.

या ओळीत ७ आहे का? लिस्टकन्टेन्सला विचारलं तर ते म्हणतं, आहे, पहिल्याच जागी. कारण १७ मध्ये ७ आहे, आणि हे फंक्शन घटकाच्या पोटातला तुकडाही धरतं. पूर्ण घटक जुळवायचा तर लिस्टफाइंड हवं. ते शून्य देतं. परवानग्या तपासताना ही गल्लत झाली, तर ज्याला ७ क्रमांकाची परवानगी कधी दिलीच नव्हती, तोही आत शिरतो.

[ओळ बदलते: १२,,४५]

तीन वस्तूंचे नग. मधला आकडा भरायचा राहिला. लिस्टलेन किती मोजतं? दोन. मुद्दाम सांगितल्याशिवाय रिकामी जागा ते धरत नाही. आता दुसरा घटक मागा: ४५. तिसऱ्या वस्तूचे नग दुसरीच्या नावावर गेले. एरर नाही, काही नाही, पान व्यवस्थित उघडतं. मला सगळ्यात जास्त धास्ती अशाच चुकांची वाटते.

ॲरेत मधली जागा रिकामी का होईना, राहते. तिसरं ते तिसरंच. मोजणी इथे १ पासून, हे जावास्क्रिप्टची सवय असलेल्यांनी ध्यानात ठेवावं. वेगाचाही प्रश्न आहे. लिस्टमधला हजारावा घटक काढायचा तर सुरुवातीपासून चालत जावं लागतं. हजार घटक लूपमध्ये एकेक करून असे मागितले, तर चाल होते ५,००,५०० घटकांची. ॲरे थेट त्या जागेवर हात घालतो.

आणि ‘कितवा’ हा प्रश्नच नसेल, ‘कोणता’ हा असेल, तर स्ट्रक्चर. वस्तूचं नाव, किंमत, नग, प्रत्येकाला आपापली ‘की’, म्हणजे ओळखीचं नाव. ऑनलाइन खरेदीची कार्ट म्हणजे बहुतेकदा अशा स्ट्रक्चरांचा ॲरे. एक जपायचं: एक स्ट्रक्चर दुसऱ्या व्हेरिएबलला दिलं तर प्रत होत नाही. दोन नावं, वस्तू एकच. खरी प्रत हवी तर डुप्लिकेट वापरायचं.

मग लिस्ट टाकून द्यायची का? नाही. फॉर्ममधून येताना ती येणारच, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या ‘इन’मध्ये (‘यांपैकी एखादं आहे का’ ही अट) मूल्यं सुरक्षितपणे भरणाऱ्या क्वेरीपॅरम टॅगला ती जशीच्या तशी देता येते. मधल्या सगळ्या कामासाठी मात्र तिचा ॲरे करून घ्यावा.

[कर्सर लिस्टटूॲरेवर थांबतो]

इथेही सावध. लिस्टटूॲरेसुद्धा रिकाम्या जागा गाळतं. कंसातली तिसरी जागा पाहा: तिथे ट्रू लिहिलं, तरच १२ आणि ४५ यांच्यामधली ती मोकळी जागा ॲरेत पोचते.