शून्य शून्य, पण कोणतं शून्य?

मंडळी, आज बोलायचं ठरलंय ते बुद्धिबळाची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे संगणक प्रोग्राम, आणि खेळणाऱ्याची मर्जी यांवर. मर्जीकडे येतोच, आधी एक जुनी तक्रार मांडतो, इथल्या बऱ्याच जणांची तीच असेल.

हत्ती-प्याद्यांचा शेवट होता. इंजिनाकडे दोन प्यादी जास्त, मी हरत होतो. हत्तीनं शह देत राहिलो, त्याचा राजा त्याच दोन घरांत ये-जा करत राहिला. पडद्यावर इंजिनाच्या स्वतःच्या अंदाजानं त्याची आघाडी तीन प्याद्यांएवढी, आकडा जरासुद्धा हलेना. आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली! नियमानं डाव बरोबरीत. आनंद व्हायला हवा होता, मला मात्र चीड आली. एवढं ताकदवान इंजिन असं कसं वागेल?

दोष इंजिनाचा नव्हता. ते ज्या ॲपमध्ये बसवलं होतं, ते प्रत्येक खेळीला त्याला फक्त फेन पाठवत होतं. फेन म्हणजे पटाची एका ओळीतली नोंद: मोहरी कुठे, खेळी कुणाची, किल्लेकोट शिल्लक आहे का, वगैरे. शेवटचं प्यादं हलल्याला किंवा मोहरं मारल्याला किती खेळ्या झाल्या, हेही त्यात असतं, म्हणून पन्नास खेळ्यांचा नियम (यातलं काहीच न होता पन्नास खेळ्या गेल्या, की बरोबरी) इंजिनाला कळतो. पण ही स्थिती आधी येऊन गेली होती का, हे त्या ओळीत कुठेच नाही. यूसीआय प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ॲप आणि इंजिन यांच्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीत, पहिल्यापासूनच्या सगळ्या खेळ्या पाठवायची सोय आहे. ती वापरली नाही, की इंजिनाला दर खेळीला डाव नवा.

बरं, सगळ्या खेळ्या पाठवल्या तरी दुसरा घोळ आहेच. पुढच्या खेळ्या तपासताना एखादी स्थिती त्याच तपासात दुसऱ्यांदा आली, की बरीच इंजिनं तिला तिथेच बरोबरी मानतात. एकदा परत यावंसं वाटलं तर पुन्हाही वाटेल, मग वेळ कशाला घालवा? हिशोब चोख आहे. पण पडद्यावर दिसतं नुसतं शून्य, म्हणजे कुणाचीच आघाडी नाही. ते पुनरावृत्तीचं, कोंडीचं, की झुंज अजून रंगात असलेल्या समतोल स्थितीचं? माझा आग्रह एवढाच, की ॲपनं शून्यासोबत त्याचं कारणही दाखवावं. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही.

वेळ संपत आल्याची खूण झाली, तेव्हा मर्जीचं भरभर सांगतो. 'कंटेम्प्ट' नावाची सेटिंग असते. ती वाढवली, की इंजिन बरोबरीला शून्यापेक्षा कमी किंमत देतं आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी झुंज चालू ठेवतं. स्टॉकफिश या इंजिनात ती काही काळ मुळातच 24 वर होती, पुढे काढून टाकली. लीला या दुसऱ्या इंजिनात 2023 साली ती नव्या रूपात आली. विश्लेषण करताना मात्र ती बंदच ठेवा, नाहीतर आकडे एका बाजूला झुकतात. बरोबरीचा प्रस्ताव द्यायला यूसीआयमध्ये आज्ञाच नाही. ते काम ॲपचं, म्हणून स्वीकारायचा की नाही, हा पर्यायही ॲपनंच द्यायला हवा.

शेवटचं, सिझिजी टेबलबेस, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल. दोन उंट विरुद्ध एक घोडा हा शेवट सर्वसाधारणपणे जिंकता येतो, पण घोडा मिळवायलाच कधीकधी 66 खेळ्या लागतात. समोरासमोरच्या स्पर्धेत पन्नासच्या नियमानं ती बरोबरी होते. आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात टेबलबेसच्या आधारे तोच विजय मागता येतो. म्हणून स्टॉकफिशमध्ये पन्नासचा नियम धरायचा की नाही, यासाठी 'सिझिजी फिफ्टी मूव्ह रूल' असा खटका आहे. पत्रानं खेळत असाल तर तो बंद करा, पटावर खेळायची तयारी असेल तर चालू ठेवा.