ताप उतरल्यानंतर उरलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात ठाण्यात कुणाला थंडी वाजून ताप आला, की मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या तपासण्या आपण लगेच करून घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या तिन्हींत काही निघाले नाही, ताप हटेना, म्हणून रुग्णालयाने रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तात कोणता जंतू वाढतो हे पाहणारी तपासणी, लावले, तर काही दिवसांनी येणाऱ्या त्या रिपोर्टवर छापलेल्या जंतूच्या नावाविषयी मला आज बोलायचे आहे.

ते नाव स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस असेल, तर प्रश्न केवळ तापाचा राहत नाही. जुन्या रिपोर्टांत ‘स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस’ या नावाखाली येणारा हा जंतू काही जणांच्या आतड्यात एरवी निमूटपणे राहतो. मात्र मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ किंवा मोठा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, असेल, तर तेथील अस्तर पूर्वीसारखे अभेद्य राहत नाही, जंतूला रक्तात शिरण्यास वाट मिळते आणि पुढे तो हृदयाच्या झडपेवर ठाण मांडू शकतो. झडपेचा असा संसर्ग आणि आतड्याचा कर्करोग एकाच रुग्णात आढळल्याची नोंद १९५१ मधील आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आतड्याच्या कर्करोगाच्या ६३ रुग्णांपैकी ३५ जणांच्या शौचात बोव्हिस सापडला, तर तुलनेसाठी तपासलेल्या १०५ जणांपैकी केवळ ११ जणांच्या. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम हा दुसरा, विरळ परंतु अधिक घातक जंतू. जखम नसताना तो रक्तात सापडला, तरी आतड्याकडे पाहावे लागते.

येथे घाबरून जाण्याचे कारण नाही. रक्तात ई. कोलाय हा जंतू निघाला, तर बहुधा मूळ लघवीच्या संसर्गात असते, आणि गॅलोलिटिकस सापडलेल्या प्रत्येकाला कर्करोग असतोच असेही नाही. अडचण वेगळीच आहे. शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकने ताप उतरतो, रुग्ण घरी येतो, रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि आतडे तपासायचे राहून जाते. शौचावाटे रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून आपण गप्प बसतो. उजव्या बाजूच्या गाठीत तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही, फक्त हिमोग्लोबिन घसरत जाते. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी आहे, आतड्यासाठी तशी नाही, म्हणून या कागदाचे मोल अधिक.

फाइलमध्ये असा रिपोर्ट असेल, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: हृदयाची इको झाली का, आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केव्हा करायची. तिच्यासाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन पोट साफ करावे लागते, तेवढा त्रास आहे. मात्र पॉलिप दिसलाच, तर तो बहुधा त्याच वेळी काढता येतो.