पॅरामेशियम उलटं का पोहतं?

पॅरामेशियम कॉडेटम हा गोड्या पाण्यातला सूक्ष्मजीव म्हणजे एकच पेशी, लांबी २०० ते ३०० मायक्रोमीटर. अंगभर असलेल्या केसांसारख्या पक्ष्माभिकांचे (सिलिया) फटके मारत सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगानं ती पुढं जाते. काही आडवं आलं की थोडी मागं हटते, जागच्या जागी वळते आणि दुसरी दिशा धरते. प्राणिशास्त्रज्ञ जेनिंग्ज यांनी १९०६ मध्ये हे वर्तन बारकाईनं नोंदवलं. ते कशानं घडतं, हे मात्र १९६० नंतर एकर्ट आणि नाइतोह यांनी पेशीत इलेक्ट्रोड खुपसून दाखवलं.

पेशीच्या आत मोकळ्या कॅल्शियमची संहती सुमारे ०.१ मायक्रोमोलर (लिटरमागे मायक्रोमोल) असते, बाहेर धरा १ मिलिमोलर. म्हणजे दहा हजार पट फरक. पुढच्या टोकाला धक्का बसला की तिथून कॅल्शियम आत शिरतं आणि आतला ऋण विभव (विद्युतदाब) कमी होतो. ही ऋणता उतरली की पक्ष्माभिकांच्या पटलातल्या (पातळ आवरणातल्या) कॅल्शियम वाहिन्या, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, उघडतात आणि फटक्याची दिशा उलटते. मागच्या टोकाला टोचलंत तर उलट प्रकार: पोटॅशियम बाहेर जातं, विभव आणखी ऋण होतो, पक्ष्माभिका जोरात चालतात आणि पेशी पुढं पळते.

आता एक हिशेब करू. पक्ष्माभिकेचा व्यास ०.२५ मायक्रोमीटर, लांबी १० मायक्रोमीटर. आकारमान झालं जेमतेम अर्धा फेम्टोलिटर. त्यात ०.१ मायक्रोमोलरला मोकळे कॅल्शियम आयन किती? तीसेक! दिशा उलटायला १ मायक्रोमोलरच्या वर जावं लागतं, म्हणजे तीनशेच्या पुढं. प्रथिनांना चिकटणारे आयन धरले तर आत येणारे बरेच जास्त हवेत, पण तरी मामला किरकोळ आहे. वाहिन्या पक्ष्माभिकेतच असण्याचा फायदा हाच. पेशीच्या मुख्य अंगात एवढं कॅल्शियम कुठल्या कुठं विरून जाईल. पक्ष्माभिका झडवल्या की विद्युत प्रतिसाद जातो आणि त्या पुन्हा वाढल्या की परततो, हे १९७६-७७ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगांतून दिसलं.

वाहिनी उघडीच राहिली तर पेशी मागंच जात बसेल. आत आलेलं कॅल्शियमच ती बंद करतं, हे ब्रेम आणि एकर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं. बेरियम त्याच वाहिनीतून आत येतं, पण ती नीट बंद करत नाही. म्हणून बेरियमच्या द्रावणात पेशी पुन:पुन्हा पुढं-मागं झटके देत राहते.

हे पाहायला महागडं काही लागत नाही. पेशी संवर्धनातून काढून १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि १ मिलिमोलर ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), पीएच ७.२, अशा द्रावणात धुवा आणि अर्धा तास स्थिरावू द्या. मग त्याच द्रावणात २० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घालून त्यात पेशी सोडा. पेशी लगेच मागं पोहू लागतात. गडबड होते ती इथं: पेशींसोबत जुनं द्रावण जास्त आलं तर पोटॅशियम पातळ होतं. पोटॅशियमसोबत कॅल्शियमही वाढवलंत तर परिणाम मावळतो, कारण पोटॅशियम आणि कॅल्शियमचं वर्गमूळ यांचं गुणोत्तर इथं चालतं. फॉस्फेट बफर नकोच, तो कॅल्शियम साक्यात ओढतो. पिपेट अरुंद असेल तर तोंडातून जातानाच पेशी दचकतात.

पक्ष्माभिका हलवणारं यंत्र आणि वाहिनी वेगळी कशी करायची? नाइतोह आणि कानेको यांनी १९७२ मध्ये थंड ०.०१ टक्के ट्रायटन या अपमार्जकानं पटल निकामी केलं. पेशी मेली, सांगाडा उरला. त्याला मॅग्नेशियम आणि एटीपी (पेशीचं इंधन) ४-४ मिलिमोलर दिलं की तो पोहतो: कॅल्शियम १ मायक्रोमोलरच्या खाली पुढं, वर मागं. इथं ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन, अनिवार्य आहे, कारण ऊर्ध्वपातित पाण्यातही काचेतून आलेलं कॅल्शियम मायक्रोमोलरच्या घरात असू शकतं. आणि पीएच सांभाळा. कॅल्शियम पकडताना ईजीटीए प्रोटॉन सोडतं. पीएच ०.१ नं ढळला तरी त्याची पकड दीडपट बदलते, आणि वहीत लिहिलेली संहती खोटी ठरते.

कुंग यांच्या प्रयोगशाळेतलं ‘पॉन’ उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला वाण), बुद्धिबळातल्या प्याद्यासारखं मागं न जाणारं, पोटॅशियमच्या द्रावणातही मागं हटत नाही. ट्रायटन दिलेला त्याचा सांगाडा मात्र पुरेसं कॅल्शियम मिळताच मागं पोहतो. म्हणजे मोटार शाबूत, वाहिनी बिघडलेली.

ट्रायकोसिस्टचं, म्हणजे पेशी बाहेर फेकते त्या सूक्ष्म बाणांचं, प्रकरण निराळं. त्यांच्या स्फोटक सुटण्यालाही कॅल्शियम लागतं, पण ते पटलाखालच्या कप्प्यांतून आणि अंगाच्या पृष्ठभागावरून येतं. म्हणून पेशी नुसती मागं हटते तेव्हा ट्रायकोसिस्ट सुटत नाहीत. उत्परिवर्ती हाती आलं की पोटॅशियम चाचणी आणि संपृक्त पिक्रिक आम्लाची चाचणी (यात ट्रायकोसिस्ट सुटतात का ते दिसतं) दोन्ही करा. (पिक्रिक आम्ल कधीही कोरडं पडू देऊ नका, ते स्फोटक आहे.) पॉन पहिलीत अडतं, दुसरीत ट्रायकोसिस्ट सोडतं. ‘एनडी’ (नॉन-डिस्चार्ज, म्हणजे ट्रायकोसिस्ट न सोडणाऱ्या) गटाचं नेमकं उलट. त्यातलं एनडी-९ तापमानावर चालतं: १८ अंशाला वाढवलेल्या पेशी ट्रायकोसिस्ट सोडतात, २७ अंशाला वाढवलेल्या सोडत नाहीत. तेव्हा उबवणीपेटीचं तापमान आधी तपासा.