मेंदूसाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: घेण्याआधी बाटली उलटी करा

[टेबलावर तीन बाटल्या, शेजारी हळदीचा डबा आणि ओंजळभर बदाम]

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मेडिकलमध्ये उभे राहिलात की अशा बाटल्या समोरच मांडलेल्या असतात. हळदीचा अर्क, व्हिटॅमिन ई, 'मेंदूचं टॉनिक'. पुढच्या बाजूला स्मरणशक्ती, सूज, अँटिऑक्सिडंट असं ठळक छापलेलं. आपलं काम मागच्या बाजूशी आहे.

आधी हे समजून घेऊ की ही भानगड आहे काय. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण प्राणवायू लागतो जवळजवळ 20 टक्के. एवढा जाळ पेटला की ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल, आणि त्या विझवणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्यात मेंदू चरबीचा, आणि चरबी खवट होते, शेंगदाण्याचं कूट उघडं राहिल्यावर होतं तशी. इथपर्यंत जाहिरातवाला खरं बोलतो.

पुढचं तो गाळतो. ठिणग्या विझवायला शरीर स्वतःची एन्झाइम तयार करतं. आणि थोड्या ठिणग्या त्याला हव्याच असतात: पांढऱ्या पेशी जंतू मारतात त्या याच दारूगोळ्यानं, आणि व्यायामाचा फायदा अंगी लागतो तोही याच इशाऱ्यावर. 2009 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तरुणांना व्यायाम करायला लावला. काहींना सोबत रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांमध्ये नाही. तालमीत घाम गाळून वर मूठभर गोळ्या घेणाऱ्या पोरांनी हे ऐकून ठेवा.

[हळदीच्या कॅप्सूलची बाटली कॅमेऱ्याजवळ]

आता हळद. शेजारी सांगलीची पेठ, त्यामुळे हळदीचं आपल्याला कौतुक जरा जास्तच. पण आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा घटक, साधारण 3 टक्के. चहाचा एक चमचा म्हणजे 3 ग्रॅम हळद, त्यात 90 मिलिग्रॅमच्या आसपास. या कॅप्सूलवर काय लिहिलंय? 500 मिलिग्रॅम अर्क, 95 टक्के. म्हणजे 475 मिलिग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळद! ही आमटीतली चिमूट नाही, हा औषधासारखा डोस आहे.

आणि खाली बारीक अक्षरात: पायपरीन 5 मिलिग्रॅम. पायपरीन म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं, जे उतरतं ते यकृत लगेच बाहेरची वाट दाखवतं. 1998 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं, आणि रक्तातली उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. बाटल्यांवर हाच आकडा मिरवतात. मूळ प्रमाण मात्र इतकं नगण्य होतं की वीसपट झालं तरी फार हुरळून जाण्यासारखं नाही.

पायपरीन हे करतं कसं? यकृताची साफसफाई मंद करून. मग ती फक्त कर्क्युमिनपुरती मंद होत नाही. फिटची फेनिटॉइन घेणाऱ्यांमध्ये रक्तातलं औषधही वाढू शकतं. म्हणून रोजची गोळी चालू असेल, तर मिऱ्याचा अर्क असलेली बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नका. तांबड्या रश्श्यातली मिरी आणि हळद बिनधास्त खा, ते प्रमाणच वेगळं.

यकृताचं आणखी एक. हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत. अमेरिकेतल्या रुग्णांमध्ये एचएलए-बी 35:01 हा जनुकाचा प्रकार बराच जास्त आढळला. बहुतेकांचा त्रास कॅप्सूल बंद केल्यावर ओसरला. कॅप्सूलनं शौच पिवळी होते, त्याला घाबरू नका. लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज, डोळे पिवळे, जेवण नकोसं: यातलं काही दिसलं की कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. पित्ताशयात खडे असतील तर सुरूच करू नका, कारण कर्क्युमिननं पित्ताशय आकुंचन पावतं.

[बदाम हातात घेऊन]

व्हिटॅमिन ई. हे वीस बदाम, साधारण 25 ग्रॅम. यात ई सुमारे 6 मिलिग्रॅम. ती हिरवी कॅप्सूल 400 मिलिग्रॅमची, पण कृत्रिम. शरीराच्या हिशेबात ती 180 च्या आसपास भरते. तरी सातशे ग्रॅम बदाम झाले. एवढी थंडाई पैलवानही पीत नाही.

बरं, घेऊन मिळतं काय? 2005 मध्ये, विसराळूपणा नुकता सुरू झालेल्यांना रोज 2000 युनिट देऊन पाहिलं: अल्झायमर टळला नाही. 2014 च्या अमेरिकी अभ्यासात, अल्झायमर आधीच झालेल्यांची रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश खालावली, स्मरणशक्तीला मात्र फायदा दिसला नाही. आणि 2012 चा एक छोटा अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. ई, सी आणि लिपोइक ॲसिड नावाचं आणखी एक अँटिऑक्सिडंट 16 आठवडे दिलं. पाठीच्या पाण्यातली खवटपणाची खूण खरोखर कमी झाली. आणि त्याच लोकांची मानसिक चाचणी जास्त वेगानं घसरली. ठिणग्या विझल्या, डोकं चाललं नाही.

उलट बाजूला धोका आहे. 400 युनिट ई रोज घेणाऱ्या पुरुषांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांना रक्तस्त्रावाची भीती. बीटा-कॅरोटीनची गोळी बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी घेऊच नये, फुप्फुसाचा कॅन्सर वाढल्यामुळे अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. को-एन्झाइम क्यू10 हेही असंच एक अँटिऑक्सिडंट, त्यानं पार्किन्सन थांबला नाही, आणि ते महाग. विषय संपला.

व्हिटॅमिन सी पुरेसं हवं असेल तर एक पेरू. 100 ग्रॅममध्ये साधारण 200 मिलिग्रॅम. गोळीचा डोस 1 ग्रॅमच्या वर गेला की निम्म्याहून कमी आत जातं, आणि मुतखड्याची सवय असणाऱ्याला ते परवडत नाही.

मग विसरायला होतंय, डोकं जड वाटतंय, तर पहिलं काय? बी-12 आणि थायरॉइड तपासा. बी-12 हे 200 पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ती खरी कमतरता, आणि ती भरून निघते. शाकाहारी घर असेल, किंवा शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर आधी याचाच संशय घ्या. तपासणी आधी, गोळी नंतर, कारण मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं की बी-12 चा आकडा वर जातो आणि निदान हुकतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो. लॅबमध्ये हे कोणी विचारत नाही, तुम्हीच सांगा.

[बाटलीची मागची बाजू, मोबाइलनं फोटो काढताना]

आणि डॉक्टरांकडे जाताना 'हळदीची गोळी घेतो' एवढंच सांगू नका. मागच्या बाजूचा फोटो काढा. अर्क किती टक्के, पायपरीन आहे की नाही, बॅच नंबर, सगळं त्यात येतं.