म्हातारपणी घर लहान करायचंय? मग जुलैत बघा

नमस्कार मंडळी. कोकणात घराचे निर्णय होतात गणपतीत नाहीतर मे महिन्यात, कारण चाकरमानी तेव्हाच गावात असतात. आणि मे महिन्यात सगळीच घरं छान दिसतात. म्हणून आई-बाबांसाठी रत्नागिरीत, चिपळूणात, कुडाळात फ्लॅट पसंत केला असेल, तर विसार देण्याआधी जुलैत एकदा भरपावसात जाऊन या.

बघायचं काय? पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून झोडपतो. तेव्हा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना हात लावा. खिडकीखालचे कोपरे बघा, भिंतीतल्या कपाटात डोकं घाला. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की तिथेच ओल आहे असं धरून चाला. मग शेजाऱ्यांना विचारा, लाईट गेली की लिफ्ट चालते का. जनरेटर पुष्कळ ठिकाणी असतो, डिझेल कोण भरणार यावरून सोसायटीत वाजलेलं असतं!

गुडघे दुखतात म्हणून लोक तळमजला मागतात. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. नदीकाठच्या शहरात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमचं मत विचाराल तर खाली पार्किंग आणि वर पहिला मजला. लिफ्ट बंद पडली तरी एक जिना धरून धरून उतरता येतो.

(टेप दाखवत) ही सोबत न्या. बाथरूमचं दार अडीच फुटी सांगतात. चौकट वजा केली की सव्वादोन फूटही मोकळे उरत नाहीत. व्हीलचेअर सुखाने जायला ३२ इंच मोकळे हवेत. पलंगाच्या एका बाजूला ३ फूट जागा सुटत नसेल, तर तो घरचा शिसवी पलंग नेऊ नका. कितीही जीव असला तरी.

आता दुसरा रस्ता, आणि आम्हाला तो पुष्कळदा जास्त पटतो: राहतं घरच जागेवर लहान करायचं. वावर ओटी, माजघर आणि एका खोलीपुरता आणा. झोपायची जागा माडीवरून खाली, आणि संडास त्या खोलीला लागून, घराच्या आत. रात्री परसात जाणं हा खरा धोका. अंधार, शेवाळ, वर फुरशाची, म्हणजे त्या छोट्या विषारी सापाची भीती. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच ठेवा, आधाराचा दांडा ३३ ते ३६ इंचांवर. इथे एक गोष्ट हमखास चुकते. आपल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र असतो, स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो साधा रावळप्लग त्यात धरत नाही. वजन पडलं की दांडा हातात येतो. आरपार बोल्ट घ्या आणि पलीकडे लोखंडी पट्टी द्या. समुद्राजवळ दांडा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या, ३०४ ग्रेडला खाऱ्या हवेत तांबेरा धरतो.

जोतं अडीच फूट असेल तर १:१२ उताराचा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबीचा, रॅम्प ३० फूट लांब होतो. तेवढं अंगण असेल तर करा. नाहीतर ५-६ इंच उंचीच्या, फूटभर रुंद, खरबरीत पायऱ्या आणि दोन्हीकडे कठडा. आखूड, उभा रॅम्प पावसात घसरगुंडीच.

बंद केलेल्या खोल्यांचीही कौलं दर वर्षी पावसाआधी परतावी लागतात. आढं एकच असतं. तिकडचा वासा कुजला, वाळवी लागली की ती इकडे येते. जमणार नसेल तर तेवढा भाग रीतसर उतरवून घ्या.

शेवटी कागद. घर विकून फ्लॅट घ्यायचा बेत असेल तर आधी सातबारा काढा. घरपट्टी तुमच्या नावावर आहे म्हणून घर तुमचं ठरत नाही. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असली तर सगळ्यांच्या सह्यांशिवाय सहसा गिऱ्हाईक उभं राहत नाही. आणि मुलांना बक्षीसपत्र करून देणार असाल, तर आमचा सांभाळ करायचा ही अट दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. तोंडी कबुलीवर तिथे भांडत बसावं लागतं.