बायोडेटा कुणाकुणाच्या हातात

[दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन. जाहिरातींची यादी भराभर वर सरकते.]

नोकरीच्या जाहिरातींची ही यादी संपतच नाही. त्यातच एक जाहिरात तीनदा दिसते, कारण बऱ्याच साइट दुसरीकडच्या जाहिराती उचलून आपल्याकडे लावतात. मूळ जागा भरलेली असते, नक्कल मात्र ताजी म्हणून मिरवते. म्हणून आधी तारखेचा फिल्टर: गेल्या सात दिवसांतल्याच दाखव. बघा, यादी किती आटली. आता हाच शोध अलर्ट म्हणून ठेवला, की रोज पहिल्यापासून चाळायला नको.

[दृश्य: दोन रकान्यांचा रंगीत बायोडेटा. शेजारी सॉफ्टवेअरनं वाचलेला मजकूर.]

डावीकडे बायोडेटा. उजवीकडे तोच, छाननीच्या सॉफ्टवेअरनं वाचलेला. कौशल्यं अनुभवाच्या ओळींत घुसलीत. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये होता, तो गायब. सगळीच सॉफ्टवेअर इतकी आंधळी नसतात, पण आपला अर्ज कुठल्या सॉफ्टवेअरकडे जाणार ते आधी कळत नाही. तेव्हा एकच रकाना, साधी शीर्षकं, तक्ते नकोत. जाहिरातीत ‘लेखापरीक्षण’ म्हटलंय आणि ते काम तुम्ही केलंय, तर बायोडेटात तोच शब्द येऊ द्या. केलं नसेल, तर नको.

[दृश्य: रिक्रूटरचं लॉगिन. बायोडेटांची रांग.]

ही रिक्रूटरची, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्याची बाजू. उमेदवाराला ती कधी दिसत नाही. साइट आपल्याला बहुतेक वेळा फुकट असते. पैसे मोजतात कंपन्या: जाहिरात लावण्याचे, आणि पुष्कळदा आपले बायोडेटा धुंडाळण्याचेही. थोडक्यात, गिऱ्हाईक त्या, आणि माल आपण.

2007 च्या ऑगस्टमध्ये मॉन्स्टर डॉट कॉम या साइटवरून सुमारे 13 लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. त्यासाठी चोरांना साइट फोडावी लागली नाही. नोकरी देणाऱ्यांचे लॉगिन आधीच चोरले होते. ते वापरून चोर रिक्रूटर म्हणून आत गेले आणि नावं, पत्ते, फोन, ईमेल घेऊन बाहेर आले. मग अनेकांना साइटच्याच नावानं खोटे मेल गेले.

[दृश्य: बायोडेटावरच्या ओळी एकेक करून पुसल्या जातात.]

जन्मतारीख, नको. घरचा पत्ता, नको, शहर पुरे. ओळखपत्राचा नंबर तर नकोच नको. ईमेल फक्त नोकरीसाठी उघडलेला, वेगळा. आणि ही सेटिंग बघा: बायोडेटा कुणाला दिसावा. सध्याच्या कंपनीपासून तो लपवायची सोयही काही साइटवर असते.

[दृश्य: एक मेल. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर झूम.]

कंपनीचं नाव बरोबर आहे. पण नावापुढं एक छोटी आडवी रेघ, आणि मग ‘करिअर्स’. हा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. मेलमधली लिंक सोडा, कंपनीची साइट स्वतः शोधून उघडा, ती जागा तिथं आहे का पाहा. असेल तर अर्जही तिथूनच.

[दृश्य: मोबाइलवरचं चॅट.]

मुलाखत चॅटवर, निवड दहा मिनिटांत, आणि लगेच मागणी: नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाचा खर्च, लॅपटॉपचं डिपॉझिट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 व्या कराराचं सातवं कलम म्हणतं की, काही अपवाद सोडले तर खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडून, पूर्ण किंवा थोडंही, शुल्क घेऊ नये. गेलेले पैसे परत मिळणं अवघड. बँकेला लगेच कळवा, जाहिरातीची तक्रार साइटवर करा.

[दृश्य: स्प्रेडशीट. तारीख, कंपनी, पद, जाहिरातीची पीडीएफ.]

जाहिरात काढली की मजकूरही जातो, आणि फोन येतो काही आठवड्यांनी. म्हणून अर्जाआधी तिची पीडीएफ करून इथं नोंद करायची. या शीटमध्ये नसलेल्या जागेसाठी कुणी ‘तुमची निवड झाली’ म्हणालं, तर पहिला प्रश्न तुम्ही विचारा: माझा बायोडेटा तुम्हाला कुठून मिळाला?